वर कोण चढणार?

आमच्या वयाच्या कोकणी माणसाला घर आठवतं ते खालून वर. दुपारी जेवणं झाली की मोठी माणसं लवंडायची आणि पोरांनाही सक्तीनं आडवं केलं जायचं. झोप कोणाला येतेय! आढ्याकडे डोळे लावून पडायचं, वासे मोजायचे, रिपा मोजायच्या, काचेच्या कौलातून उतरलेला उन्हाचा तुकडा भिंतीवर कुठवर सरकला ते बघून चहाला किती वेळ आहे याचा अंदाज घ्यायचा. कौलांच्या पोटावर ठसठशीत इंग्रजी अक्षरं होती. आमच्यात इंग्रजी पहिल्यांदा शिकला तो आत्याचा थोरला. त्यानं उताणं पडून ती सगळ्यांना वाचून दाखवली. बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर, १८६५. झालं, आपलं घर १८६५ सालचं आहे असं आम्ही गावभर सांगून आलो. आप्पा, म्हणजे आमचे आजोबा, हसले. ते साल कारखान्याचं होतं. स्वित्झर्लंडातल्या बासेलच्या मिशनऱ्यांनी मंगलोरात नेत्रावतीच्या काठच्या मातीवर कौलांचा कारखाना काढला, त्याचं. आमच्या घरावर ती चढली आप्पांच्या लग्नाच्या सुमारास, दिघीच्या खाडीत गलबतातून उतरून, तिथून बैलगाडीनं.

श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातलं हे घर. पुढे समुद्र, मागे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या जमिनीत नारळी-पोफळीच्या वाड्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सरळ पडेल तर शपथ. उरलेले आठ महिने खारं वारं. अशा ठिकाणी घराचं आयुष्य छप्पर ठरवतं. चिऱ्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहील, पण तिच्या माथ्यावर पाणी मुरायला लागलं की चिऱ्यांमधली माती धुपते आणि चार-पाच पावसाळ्यांत भिंत पोट काढते. म्हणूनच असेल, भिंतीवरून आमच्या घरात कधी वाद झाल्याचं आठवत नाही. वाद सगळे छपराचे.

मोठी आई, म्हणजे आमची आजी, नळ्यांच्या घरातून आली होती. नळे गावचा कुंभार करायचा. चाकावर निमुळता पोकळ नळा ओढायचा, ओला असतानाच त्याचे उभे दोन भाग करायचे, वाळवून भाजायचे. छपरावर एक उताणा, एक पालथा अशी त्यांची मांडणी. अडकवायला खुंटी नाही, खाच नाही. नुसत्या वजनावर आणि एकमेकांच्या आधारावर बसलेले. मांजरानं उंदराचा पाठलाग केला तरी सरकायचे. पण नळा फुटला तर कुंभार गावातच होता, आणि मोठ्या आईच्या दृष्टीनं हा हिशेब साधा होता. "मंगलोराहून कौल मागवायचं तर कोण जाणार?" ती म्हणायची. त्याच्याही आधी गवताची आणि पेंढ्याची छपरं होती. ती दर वर्षी नवी घालावी लागत आणि त्यांना आगीची भीती. त्यांच्याबद्दल हळहळणारं आमच्या घरात कोणी भेटलं नाही.

मंगलोरी कौलाचं कौतुक आप्पांना. एक कौल हातात घेऊन ते पोरांना दाखवायचे. सुमारे सोळा इंच लांब, साडेनऊ इंच रुंद, अडीच-तीन किलो वजनाचं. पाठीला खुंट्या, त्या रिपेला अडकतात. कडेला खाचा, शेजारचं कौल त्यात बसतं आणि आत शिरू पाहणारं पाणी खाचेतूनच खालच्या कौलावर उतरतं. माशाच्या खवल्यांसारखी रचना, खालची ओळ आधी आणि वरची तिच्यावर चढलेली. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आत-बाहेर कौलं लागतात. मग आप्पा बोटाची पेरं कौलावर मारायचे. खणखणीत आवाज आला तर पक्कं भाजलेलं, बद्द आला तर कच्चं. कच्चं कौल पाणी पितं, पाण्याबरोबर मीठ पितं, आणि उन्हाळ्यात ते मीठ आत फुलून कौलाचे पापुद्रे सुटतात. पक्क्या कौलाला खारं वारं काही करू शकत नाही. ते गंजत नाही, सडत नाही, वाळवी त्याला लागत नाही. त्याला मरण एकच, वरून काहीतरी पडण्याचं.

आणि मे महिन्यात आमचे पाय पडायचे. शाकारणी!

आगोटीच्या कामांत मसाले, सुकी मासळी, जळाऊ लाकडं सगळंच असायचं, पण मृग लागायच्या आत घर शाकारलं पाहिजे हे सगळ्यांच्या वर. एप्रिलपासून काका गड्यांच्या मागे लागायचे. सगळ्या गावाची शाकारणी एकाच वेळी, त्यामुळे गड्यांचा भाव वधारलेला. ते नाही आले तर घरची फौज होतीच. मुंबईहून सुट्टीला आलेली भावंडं धरून आम्ही आठ-दहा. शिडी लागायची, पायरीपायरीवर एकेक जण उभा राहायचा आणि कौलं हातोहात खाली उतरायची. खाली बायका खराट्यानं आणि काथ्यानं त्यांच्यावरचं शेवाळ घासायच्या. फुटकी एका बाजूला, धड एका बाजूला. पन्हळीत वर्षभराचा पातेरा साचलेला असायचा, तो काढताना विंचू निघणारच. एकदा आढ्यापाशी धामणीची कात निघाली, अख्खी. ती आत्यानं वहीत ठेवली होती.

छपरावर चालण्याचं एक तंत्र आहे. पाय कौलाच्या मधोमध ठेवायचा नाही. जिथे खाली रीप आहे, म्हणजे दोन ओळी जिथे एकमेकींवर चढतात, तिथे ठेवायचा, आणि शक्यतो वाशाची रेघ धरून चढायचं. जड माणसाला हे जमत नाही. म्हणून हलकं पोर वर पाठवायचं. आमच्यात सगळ्यात हलकी होती ताई, थोरल्या काकांची मुलगी. मुलीनं छपरावर चढायचं हे मोठ्या आईला पसंत नव्हतं, पण ताई चढली तर एकही कौल फुटत नसे आणि दादा चढला तर चार फुटत. चार कौलांची किंमत मोठ्या आईला कळत होती. ताई बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत आमच्या घराचं छप्पर तिच्या ताब्यात होतं.

कौलं उतरली की लाकूड दिसायचं आणि खरी तपासणी तेव्हाच व्हायची. वासे ऐन-किंजळीचे, आढं फणसाचं, काही रिपा पोफळीच्या. काका प्रत्येक रिपेवर कोयत्याची मूठ ठोकत जायचे. पोकळ वाजली ती काढायची. नवीला काजूच्या टरफलांचं तेल पाजायचं. त्या तेलानं हात भाजतात, काळे डाग पंधरा दिवस जात नाहीत, पण वाळवी त्या लाकडाला तोंड लावत नाही. मे महिन्यात काळ्या हातांचा माणूस दिसला की त्याचं घर शाकारून झालंय हे गावाला सांगावं लागत नसे.

हे सगळं दर वर्षी. हल्लीच्या भाषेत त्याला मेंटेनन्स म्हणतात आणि तो नको असतो. पण आम्हाला आता वाटतं की ते घर टिकलं ते यामुळे. छप्पर वर्षातून एकदा उघडलं जायचं, त्याच्या हाडांपर्यंत कोणीतरी जाऊन यायचं. एक रीप सडली तर एक रीपच बदलायची, एक कौल फुटलं तर एकच कौल.

मग १९७५-८०च्या पुढे गावात पैसा दिसू लागला, थोडा मुंबईचा, थोडा आखाताचा. पहिला स्लॅब पडला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. सपाट छपरावर खुर्च्या टाकून माणसं बसलेली, वर सुपारी वाळत घातलेली. आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी त्या दिवसापासून कौलांकडे जरा कमीपणानं बघायला सुरुवात केली. आप्पा तेवढे म्हणाले, "वाळू कुठली आहे?" वाळू किनाऱ्यावरची होती. त्या काळात अनेकांनी तीच वापरली. जवळ होती, फुकट होती. मीठ काँक्रीटमध्ये पहिल्या दिवसापासूनच होतं, वरून हवेतलं मिळत गेलं. सळई गंजली की फुगते आणि फुगली की वरचं काँक्रीट ढकलून देते. पंधराएक वर्षांत त्या घराच्या माजघरात खपल्या पडू लागल्या. मग डांबर घातलं, मग वॉटरप्रूफिंग केलं, आणि शेवटी, कोकणात आता घरोघर दिसतं तसं, स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड. म्हणजे छपरावर छप्पर. चांगल्या नदीची वाळू, गोडं पाणी, सळईवर पुरेशा जाडीचं आवरण आणि पाण्याला उतार, एवढं सांभाळलं तर स्लॅब किनाऱ्यावरही टिकतो. पण हे सांभाळणारा गवंडी त्या दिवसांत आमच्याकडे दुर्मीळ होता.

गोठ्यावर सिमेंटचे पत्रे आले ते याच सुमाराला. त्यांना मीठ लागत नाही हे खरं. पण ठिसूळ, नारळ पडला की आरपार. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, पत्रा कापताना-फोडताना ते श्वासात जातात आणि त्याचा परिणाम वाईट, हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली. तोवर त्या पत्र्यांच्या तुकड्यांनी आम्ही अंगणात ठिक्कर खेळत होतो.

कौलांना खरा धक्का दिला तो माकडांनी. यावर कोकणाबाहेरच्यांना हसू येतं. पण डोंगरातलं खाणं कमी झालं तसे वानरांचे कळप वाडीत उतरायला लागले. आंब्यावरून उडी थेट छपराच्या पाख्यावर. अख्खा कळप गेला की पंधरा-वीस कौलं गेली, आणि तीही भर पावसात, जेव्हा वर चढणं शक्य नसतं. शाकारणीला दर वर्षी गडी मिळेनात, पोरं मुंबई-पुण्याला, ताई लग्न होऊन बडोद्याला. घरात काका आणि काकू दोघंच. गावातल्या कितीतरी घरांनी कौलं उतरवून पत्रे चढवले ते हौसेनं नव्हे. वर चढायला माणूस उरलं नव्हतं म्हणून. काकांनी मागच्या-पुढच्या पडव्यांवर जस्ताचे पत्रे घातले. मधलं घर कौलारू राहिलं.

पत्र्याचं एक गुपित आम्हाला त्या पडवीनं शिकवलं. सगळ्यांना वाटतं पत्रा वरून गंजतो. वरची बाजू पावसानं धुतली जाते, मीठ वाहून जातं. गंज धरतो तो खालून, वळचणीपाशी, जिथे वारं मीठ आणून टाकतं आणि पाऊस पोचत नाही. समुद्राकडच्या पडवीचा पत्रा वरून चकचकीत होता तेव्हा खाली बोट लावलं की लाल भुकटी येत होती. दुसरी जागा स्क्रूची. भोक पाडलं की तिथला जस्ताचा थर गेला. त्यात साधा लोखंडी स्क्रू, त्याखालचं रबर उन्हानं तडकलेलं. पत्रा धड, भोकं मोठी, आणि वाऱ्याला तेवढं पुरतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. मृगाला चार-पाच दिवस होते. त्या वर्षी लॉकडाऊन. गडी नव्हते, पण मुंबईहून येऊन अडकलेली भावंडं घरात होती. त्यामुळे शाकारणी कधी नव्हे ती वेळेवर झाली होती. दुपारी वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. घरातल्यांनी सांगितलेलं एवढंच: आधी पोफळी मोडल्याचे आवाज, मग समुद्राकडची पडवी सांगाड्यासकट उचलली गेली आणि विहिरीपलीकडे जाऊन पडली. त्यानंतर मधल्या घराच्या कडेची कौलं एकेक करून सुटायला लागली. सगळे देवघरात, तुळईखाली. शेजारपाजारचे कित्येक जण स्लॅबच्या घरात जाऊन बसले होते. स्लॅबबद्दल वर जे काही म्हटलं ते म्हटलं, पण त्या दुपारी गावात माणसं वाचली ती स्लॅबच्या घरांमुळे. हे मान्य करायला हवं.

संध्याकाळी वारा पडला आणि उघड्या घरावर पाऊस सुरू झाला. वीज गेली ती कित्येक आठवडे. ताडपत्रीचा भाव दुकानदार सांगेल तो. एका दुकानात काकांना दुप्पट पैसे मोजावे लागले, वर "घ्यायची तर घ्या" हेही ऐकावं लागलं.

नुकसान नीट बघितल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. कौलं गेली होती ती आढ्यावरची, कडेच्या ओळींतली आणि जिथे नारळ आडवा झाला तिथली. मधला पाखा बराचसा जाग्यावर होता. आमच्यातला बांधकामातला भाऊ फोनवर सांगत होता: वारा छप्पर खाली दाबत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जोरात ओढतो तो कडांना आणि कोपऱ्यांना. पडवी तीन बाजूंनी उघडी, त्यामुळे खालूनही ढकलतो. कौलारू छपराला हजार फटी, त्यातून हवा निसटते. काही कौलं उडतात आणि दाब मोकळा होतो. पत्रा अखंड. तो धरून ठेवतो, धरून ठेवतो, आणि सुटतो तेव्हा सगळा सुटतो. पुन्हा कौलाचा पाखा उभट, तीस अंशांच्या आसपास. पडवीचा उतार त्याच्या निम्मासुद्धा नाही. सपाट छपराला ओढ जास्त.

मग भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्ध पेटलं. खर्च सगळे मिळून करणार होते, त्यामुळे मतं सगळ्यांना होती.

"स्लॅब टाकून मोकळे होऊ या," ठाण्याचा दादा.

"मातीत बांधलेल्या चिऱ्यावर? चार इंची स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलो होतो. कौलं चाळीस-पंचेचाळीस. भिंती पाडून पिलरच उभे करायचे तर बोल," बांधकामवाला.

"मग सगळ्या घरावर पत्रा. चौरस मीटरला पाच किलो. हलका."

"हलका आहे म्हणूनच उडाला ना?" ही बडोद्याची ताई.

काकूंनी टाइप करायला वेळ घेतला. "पत्र्याखाली मेमध्ये स्वयंपाक करून दाखवा. मग ठरवू."

शेवटी ठरलं ते असं. मधल्या घरावर कौलंच. पण कडेच्या दोन-दोन ओळी आणि आढ्याजवळची ओळ तारेनं रिपेला बांधायची. काही मंगलोरी कौलांच्या पाठीच्या खुंटीला तार ओवायला भोक असतं. इतकी वर्षं आम्ही ते बघत आलो, त्यात तार घातलेली कधी पाहिली नाही. साधी तार वर्ष-दोन वर्षांत गंजून तुटते, म्हणून तांब्याची घेतली. आढ्याची कौलं चुन्या-सिमेंटात पक्की केली. वासे ज्यावर टेकतात त्या भालाला ते लोखंडी पट्ट्यांनी आवळले. पूर्वी तिथे एकेक खिळा होता, त्याच्या भरवशावर चार पिढ्या झोपल्या. पडव्यांना पत्रा, पण जस्त आणि ॲल्युमिनियमचा मिश्र लेप असलेला, वर रंगाचा थर. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी स्क्रू मारला तर खाऱ्या हवेत दोघांच्या भांडणात पत्रा संपतो, ही माहिती बांधकामवाल्याची. तो दुकानातून फोन करून प्रत्येक स्क्रूचा ग्रेड विचारत होता. ३१६ मिळाला नाही, ३०४ वर भागवलं. कडांना स्क्रू दुप्पट, भोकं पत्र्याच्या उंचवट्यावर, म्हणजे पाण्याची धार त्यावरून जाणार नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर गेलं. आमच्याकडे त्याचा मार निसर्गपेक्षा बराच कमी, पण परीक्षा झाली. आढ्यावरचं एक कौल तडकलं, पडव्या जागच्या जागी.

आणि तरीही त्या पत्र्याला वाऱ्यावर सोडून चालत नाही. दिवाळीनंतर काका नळी घेऊन पडवीत उभे राहतात आणि पत्र्याची खालची बाजू गोड्या पाण्यानं धुतात. जाणारा-येणारा बघतो, हा माणूस छपराला खालून आंघोळ घालतोय. पुन्हा फेब्रुवारीत एकदा. वर चढायला नको म्हणून पत्रा घातला, तर आता खाली उभं राहावं लागतं आणि अंगावर सगळं पाणी येतं, अशी काकांची तक्रार. काकूंची वेगळी. पावसाचा पत्र्यावर एवढा आवाज होतो की पडवीत बसून फोन घेता येत नाही.

सध्याची अडचण जुन्या कौलांची आहे. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा; एकाच्या खाचेत दुसऱ्याचं कौल बसत नाही, बसवलं तर तिथून गळतं. आमच्या साच्याची नवी कौलं मिळत नाहीत. जुनी घरं पाडली जातात तेव्हा निघतात, पण रिसॉर्टवाले शोभेसाठी ती आधीच उचलतात. मागच्या महिन्यात खालच्या आळीतलं एक घर उतरवलं. काका गेले, ढिगाऱ्यातून एकेक कौल उचलून पेरांनी वाजवून बघितलं, खणखणीत तेवढी वेगळी केली, आमचं एक नमुन्याचं नेलं होतं त्याला लावून पाहिली. निम्मी आमच्या साच्याची, निम्मी भलत्याच. घरमालकानं सगळी एकगठ्ठा घ्या म्हटलं. घेतली.

भलती गोठ्यावर चढवायची असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलंय. म्हशी आता नाहीतच, गळलं तरी कोणाचं काय जातंय. राहिलेली मधल्या घरासाठी, मागच्या भिंतीला उभी रचून ठेवली आहेत. फोटो ग्रुपवर आल्यावर ताईचा निरोप आला, मेच्या दुसऱ्या आठवड्यात माणगावला उतरते, शिडी काढून ठेवा.

काकांनी उत्तर दिलं, "शिडी काढतो. तू खाली बसून कौलं घासायची."